तत्त्वज्ञानात स्त्रिया किती आणि कुठे : वर्गातली उपस्थिती आणि अभ्यासातली रुची

तर्कसंगती (धागाकर्ती)

तत्त्वज्ञान या विषयात स्त्रिया कमी का दिसतात, हा प्रश्न इंग्लंड-अमेरिकेतल्या विद्यापीठांत बरीच वर्षे आकडेवारीसह चर्चिला जातो आहे. ब्रिटनमधल्या २०११ सालच्या पाहणीत असे आढळले की पदवीला तत्त्वज्ञान घेणाऱ्यांत ४६ टक्के मुली होत्या, पीएच.डी. करणाऱ्यांत ३१ टक्के आणि कायम नेमणुकीवरच्या अध्यापकांत अवघ्या २४ टक्के. त्याच सुमारास अमेरिकेत तत्त्वज्ञानाची पीएच.डी. मिळवणाऱ्यांत स्त्रिया ३५ टक्क्यांहून कमी होत्या. कलेतिहास आणि मानसशास्त्र या विषयांत मात्र त्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते. म्हणजे ‘मानव्यविद्या हे बायकांचे विषय’ हा आपल्याकडचा सर्रास समज निदान तिकडच्या तत्त्वज्ञानाला लागू पडत नाही. या बाबतीत ते साहित्यापेक्षा अर्थशास्त्राच्या शेजारी जाऊन बसते.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे, आणि धागा काढण्याचे कारण तेच आहे. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला तर्कशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात मुलींची संख्या मुलांपेक्षा नेहमीच जास्त असते. हे वाचून कुणी आनंद मानण्याआधी कारण सांगते. घरात दोन मुले असतील आणि एकालाच विज्ञान शाखेचा आणि शिकवणीचा खर्च झेपणार असेल, तर तो बहुधा मुलावर होतो आणि मुलगी कला शाखेत येते. कला शाखेत आल्यावर ‘तर्कशास्त्र गुण देते’ असे तिला आधीच्या तुकडीतल्या मुली सांगतात, आणि ते खरेही आहे, कारण सत्यता कोष्टक, म्हणजे विधान केव्हा सत्य आणि केव्हा असत्य हे दाखवणारा तक्ता, बरोबर आले की गणितासारखे पूर्ण गुण द्यावेच लागतात. तेव्हा माझ्या वर्गातली मुलींची गर्दी हा त्यांच्या तात्त्विक रुचीचा पुरावा नव्हे. त्यांना दुसरीकडे जागा मिळाली नाही, याचा तो पुरावा आहे.

गंमत अशी की रुची तिथेही असतेच. सोपाधिक, म्हणजे ‘जर-तर’ अशा, विधानाचे कोष्टक फळ्यावर मांडताना, पूर्वांग, म्हणजे ‘जर’चा भाग, असत्य असेल तर ‘जर-तर’ विधान सत्य मानायचे, असे मी सांगते. बहुतेक विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. गेल्या काही वर्षांत एका मुलीने मात्र हात वर करून विचारले, “मॅडम, मी मुंबईला गेलेच नाही, तर ‘मी मुंबईला गेले तर समुद्र आटेल’ हे खरे कसे झाले? ते खोटे ठरले नाही एवढेच म्हणता येईल ना?” या एका शंकेवर विसाव्या शतकातल्या तर्कशास्त्रज्ञांनी ग्रंथ लिहिले आहेत, हे त्या मुलीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बारावीनंतर तिने डी.एड.ला प्रवेश घेतला. तिच्या घरच्यांना दोष देत नाही, तत्त्वज्ञानात एम.ए. करून पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडेही फारसे आशादायक नसते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की उपस्थिती आणि रुची या दोन मापांची आपण गल्लत करतो. जिथे विषयाला प्रतिष्ठा आहे तिथे स्त्रियांची उपस्थिती घटते आणि मग त्यांना रुचीच नाही असा निष्कर्ष काढला जातो. जिथे विषयाला प्रतिष्ठा उरलेली नाही तिथे उपस्थिती वाढते, पण त्यातल्या रुचीची दखल घ्यायला कोणी नसते.

ही गल्लत नवी नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्याच्या दोन भार्यांची ओळख करून देतानाच मैत्रेयीला ब्रह्मवादिनी, म्हणजे ब्रह्माविषयी चर्चा करणारी, म्हटले आहे आणि कात्यायनीला केवळ ‘स्त्रीप्रज्ञा’, म्हणजे चारचौघी बायकांइतकीच समज, असलेली म्हटले आहे. प्रज्ञेची अशी वाटणी एकदा झाली की तत्त्वचर्चेत रस घेणारी प्रत्येक स्त्री अपवाद ठरते. त्याच उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात, आपल्याला पंडिता कन्या व्हावी अशी इच्छा असणाऱ्या दांपत्याने तीळ घालून शिजवलेला भात तूप घालून खावा, असा विधी सांगितला आहे. मूळ ग्रंथाला पंडिता मुलगी हवीशी वाटते. शंकराचार्य मात्र भाष्यात खुलासा करतात की मुलीचे हे पांडित्य गृहव्यवस्थेपुरतेच समजावे, कारण वेदाचा तिला अधिकार नाही. मूळ वाक्य आणि भाष्य यांच्यामध्ये जे घडले, ते आजच्या विद्यापीठांतही वेगळ्या रूपाने घडते असे मला वाटते. मुलगी कुठवर दिसते आणि कुठून दिसेनाशी होते, याबद्दल इथल्या अभ्यासकांचे आणि वाचकांचे अनुभव ऐकायला आवडतील.

घाटमाथा

धागा विचारपूर्वक लिहिला आहे, तरी दोन शंका मांडतो. पहिली उपनिषदाविषयी. अशा चर्चांत लवकरच कोणीतरी जनकाच्या वादसभेत याज्ञवल्क्याला प्रश्न विचारणाऱ्या गार्गीला आणील आणि ‘अधिक विचारशील तर डोके गळून पडेल’ ही याज्ञवल्क्याची धमकी स्त्रीला गप्प करण्याचा पुरावा म्हणून सादर करील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ही धमकी ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात उद्दालक आरुणी खुद्द याज्ञवल्क्याला बजावतो की सूत्र (सर्व जगाला ओवणारा धागा) आणि अंतर्यामी (आत राहून सर्वांना चालवणारा) न जाणता तू या बक्षिसाच्या गायी हाकून नेल्यास तर तुझे डोके गळून पडेल. आणि अखेरीस ज्याचे डोके खरोखर गळते तो विदग्ध शाकल्य, पुरुष आहे. वादसभेची ती रीतच होती. तिला लिंगभेदाचा रंग देऊ नये.

दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. आवडीनिवडीत सरासरी फरक असू शकतात, हे आपण का नाकारतो? तत्त्वज्ञानात स्त्रिया कमी आणि मानसशास्त्रात जास्त असतील, तर त्यात अन्याय शोधलाच पाहिजे असे नाही. एखाद्याला एखादा विषय न आवडण्याचेही स्वातंत्र्य असावे.

तर्कसंगती

घाटमाथा, गार्गीबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि त्याच प्रसंगाचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एकदा गप्प बसलेली गार्गी पुन्हा उभी राहते. काशीच्या किंवा विदेहाच्या वीराने धनुष्याला दोरी चढवून दोन बाण घेऊन यावे तसे मी दोन प्रश्न घेऊन आले आहे, असे म्हणते आणि अक्षरतत्त्वाचे, म्हणजे अविनाशी ब्रह्माचे, विवेचन काढून घेते. नंतर जमलेल्या ब्राह्मणांना ती सांगते की याला नमस्कार करून सुटलात तरी पुष्कळ समजा, तुमच्यापैकी कोणीही याला ब्रह्मवादात जिंकणार नाही. म्हणजे ती केवळ पृच्छक नाही. सभेचा निकाल तिने दिलेला आहे. शाकल्याने तो ऐकला नाही आणि पुढे जे व्हायचे ते झाले. आपल्या शालेय पुस्तकांत, व्याख्यानांत गार्गी नेहमी ‘प्रश्न विचारणारी विदुषी’ म्हणून येते, निवाडा करणारी म्हणून जवळजवळ कधीच नाही. स्त्रीने प्रश्न विचारण्याचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ आहे. अडचण सुरू होते ती तिने उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला घेतले की.

आवडीच्या मुद्द्यावर सविस्तर उत्तर पुढे देते. आधी इतरांचे वाचू.

मृण्मयी_क

मी नव्यन्यायावर, म्हणजे न्यायदर्शनाच्या उत्तरकालीन, सूक्ष्म परिभाषेच्या शाखेवर, संशोधन करते. रुचीच्या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे, ती कोणी सहसा मांडत नाही, म्हणून लिहिते.

स्त्री तत्त्वज्ञानात आली तर तिने काय अभ्यासावे, याविषयी आजूबाजूच्या लोकांच्या अपेक्षा आधीच ठरलेल्या असतात. एम.ए. झाल्यावर मी मार्गदर्शक शोधत होते तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी अत्यंत आपुलकीने सल्ला दिला की अवच्छेदकता वगैरे रूक्ष प्रकरणात पडण्यापेक्षा स्त्रीवादी नीतिशास्त्र घ्या, तुम्हाला त्यात आतून काही सांगता येईल. स्त्रीवादी नीतिशास्त्राविषयी मला पूर्ण आदर आहे आणि माझ्या कित्येक मैत्रिणी त्यात उत्तम काम करतात. पण ‘घटाभाव’ म्हणजे नेमके काय, भूतलावर घट नसणे हा भूतलाचाच धर्म की स्वतंत्र पदार्थ, यात मला आतून काही सांगायचे असू शकते, ही शक्यता त्यांच्या मनात आलीच नाही. आजही चर्चासत्राची निमंत्रणे येतात ती बहुधा ‘भारतीय तत्त्वज्ञान आणि स्त्री’ या सत्रासाठी. अभाव या पदार्थावरच्या सत्रात बोलायला पुरुष अभ्यासक असतात आणि मी श्रोत्यांत असते.

पाश्चात्त्य इतिहासातही हेच दिसते. रूथ बार्कन मार्कस यांनी १९४६ साली, वयाच्या पंचविशीत, संख्यापकयुक्त प्रकारतर्कशास्त्राची (‘अवश्य’ आणि ‘शक्य’ यांच्या तर्काला ‘सर्व’ आणि ‘काही’ यांची जोड देणाऱ्या शास्त्राची) पहिली मांडणी प्रसिद्ध केली. आज ज्याला बार्कन सूत्र म्हणतात ते त्यातलेच. ‘स्त्रियांचे तत्त्वज्ञान’ शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांत त्यांचे नाव क्वचित असते, कारण त्यांनी स्त्रियांविषयी लिहिले नाही. आणि सर्वसाधारण वाचकाला प्रकारतर्कशास्त्र म्हटले की सॉल क्रिपके या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञाचेच नाव आठवते. फिलिपा फुट यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. सुटलेल्या ट्रामचा तो प्रसिद्ध प्रश्न, पाच माणसे वाचवण्यासाठी रूळ बदलून एकाचा बळी द्यावा का, हा आता विनोदी चित्रांपासून स्वयंचलित गाड्यांच्या चर्चेपर्यंत सर्वत्र भेटतो. तो त्यांनी १९६७ सालच्या गर्भपातविषयक निबंधात मांडला होता, आणि ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी त्याला आज परिचित असलेले वळण दिले. प्रश्न जगभर फिरतो आहे, तो दोन स्त्रियांच्या हातून घडला हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पानशेत

आपण सर्वजण फार उंचावरून बोलत आहात. आमच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे पद निवृत्तीनंतर भरलेच गेले नाही आणि आता तासिका तत्त्वावर एक मॅडम दोन महाविद्यालयांत धावपळ करून शिकवतात. त्यांची उपस्थिती कोणत्या रकान्यात धरायची, हे कृपया सांगावे. तासाला पैसे, सुट्टीला पैसे नाहीत, शोधनिबंध लिहायला वेळ नाही. विषयातली स्त्री-पुरुष टक्केवारी काढण्याआधी विषय तरी शिल्लक राहील का, ते पाहावे.

उत्तररात्र

पानशेत यांचा मुद्दा रास्त आहे, आणि तो धाग्याला सोडूनही नाही, कारण पदे आटली की अशा तात्पुरत्या कामावर कोण राहते आणि कोण सोडून जाते हेही पाहावे लागते.

मी पुण्यातून बी.ए. करून इंग्लंडमध्ये पुढचे शिक्षण घेतले. वर्गातल्या चर्चेची रीत हा घटक वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. तिथे अभ्यासवर्गात निबंध वाचून झाला की प्रश्नोत्तरे सुरू होतात. नवा प्रश्न असेल तर हात वर करायचा आणि चालू असलेल्याच मुद्द्यावर पुरवणी बोलायचे असेल तर एक बोट वर करायचे, अशी अनेक ठिकाणी पद्धत आहे. नियम सगळ्यांना सारखा. प्रत्यक्षात बोटवाले लोक हातवाल्यांच्या आधी बोलून घेत, आणि बोट वर करणारे तेच ते चार-पाच जण असत, कारण दुसऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी त्यातली चूक दाखवणे हेच तिथे बुद्धिमत्तेचे लक्षण मानले जाई. हात वर करून बसलेल्यांत मुली जास्त असत. एका सत्रात अध्यक्षस्थानी आलेल्या बाईंनी बोटांची सोयच बंद केली आणि ज्यांनी त्या दिवशी तोंड उघडलेले नाही त्यांना आधी बोलवायला सुरुवात केली. चर्चेचा दर्जा घसरला नाही. उलट, प्रश्न सुटे सुटे येण्याऐवजी एकमेकांना जोडून येऊ लागले.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मेरी मिजली यांनी याविषयी पूर्वीच नेमके बोट ठेवले होते. मिजली, आयरिस मर्डॉक, एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम आणि फिलिपा फुट या चौघी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डला शिकत होत्या. तरुण मुले युद्धावर गेलेली. वर्गांत उरले होते स्त्रिया, वयस्क शिक्षक आणि युद्धात जाऊ न शकलेले किंवा न इच्छिणारे काही विद्यार्थी. त्या चौघीही पुढे नामवंत झाल्या. अ‍ॅन्स्कम यांनी तत्त्वज्ञ विट्गेन्स्टाइनचा उत्तरकालीन ग्रंथ १९५३ साली इंग्रजीत आणला आणि १९५८ सालच्या एका निबंधाने नीतिशास्त्राची चर्चा सद्गुणांकडे वळवली. हे कसे घडले, याचे उत्तर देताना मिजली यांनी २०१३ साली ‘गार्डियन’ला पाठवलेल्या पत्रात लिहिले की अडचण पुरुषांची नाही, एकमेकांना खाली पाडण्यात धन्यता मानणाऱ्या तत्त्वचर्चेच्या एका शैलीची आहे, आणि त्या काळात सर्वांना एकमेकांवर मात करण्यापेक्षा हे गूढ जग समजून घेण्यात अधिक रस होता. मला या उत्तरात एकच उणीव वाटते. स्त्रियांना भांडता येत नाही, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. अ‍ॅन्स्कम यांच्याशी वाद घालणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते.

घाटमाथा

उत्तररात्र यांचा अनुभव वाचला. शैलीचा मुद्दा पटतो, पण तो आवडीच्या मुद्द्याला खोडत नाही. मी वाचले होते की काल्पनिक उदाहरणांवर स्त्रियांची आणि पुरुषांची अंतःप्रज्ञा, म्हणजे मनाचा पहिला कौल, वेगवेगळी उत्तरे देते, आणि पाठ्यपुस्तकांतली ‘योग्य’ उत्तरे पुरुषांच्या कलाने ठरलेली असल्यामुळे मुली दूर जातात, असा काही अभ्यासकांचा दावा आहे. तसे असेल तर फरक मुळातच आहे, हे मान्य करावे लागेल.

तर्कसंगती

तो दावा २०१४ च्या सुमारास बराच गाजला होता. पुढे इतर संशोधकांनी तीच उदाहरणे घेऊन अधिक लोकांवर चाचण्या केल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी तो फरक सापडला नाही. तेव्हा त्यावर इमारत उभी करता येणार नाही.

त्याहून भक्कम वाटणारा अभ्यास २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. सारा-जेन लेस्ली, आंद्रेई सिम्पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३० विषयांतील १८२० अभ्यासकांना विचारले की तुमच्या विषयात यशस्वी होण्यासाठी शिकवून न येणारी जन्मजात प्रतिभा किती आवश्यक आहे. ज्या विषयांतले लोक ‘फार आवश्यक’ असे म्हणाले त्या विषयांत पीएच.डी. मिळवणाऱ्या स्त्रिया कमी निघाल्या, आणि हा संबंध विज्ञान व मानव्यविद्या या दोन्हींकडे टिकला. प्रतिभेवर सर्वाधिक भर देणाऱ्या विषयांत तत्त्वज्ञान होते. कारणकार्यसंबंध यातून पूर्ण सिद्ध होत नाही हे मला दिसते, आणि तर्कशास्त्र शिकवणाऱ्या व्यक्तीने तरी सहसंबंधाला कारण म्हणू नये. तरी एवढे लक्षात घ्यावे की ‘हा विषय शिकून येत नाही, तो अंगी असावा लागतो’ असे जिथे मानतात, तिथे अंगी काय आहे हे ओळखण्याचे काम आधीपासून आत बसलेले लोक करतात. माझ्या वर्गातल्या त्या मुलीची शंका कोणी प्रतिभा म्हणून ओळखली असती का? तिने ती मराठीतून, गणवेशात, शेवटच्या बाकावरून विचारली होती.

आवड नसण्याचे स्वातंत्र्य असावे, हे आपले म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. पण अमेरिकेतल्या पाहण्यांत सर्वांत मोठी गळती आढळते ती पहिला प्रास्ताविक अभ्यासक्रम घेतल्यानंतर आणि तत्त्वज्ञान हा मुख्य विषय म्हणून निवडण्याआधी. म्हणजे मुली तत्त्वज्ञानाचे दार उघडून आत डोकावतात आणि मग परत फिरतात. आवडच नसती तर त्या डोकावल्या नसत्या.

घाटमाथा

डोकावून पाहिल्यावर आवडले नाही, असेही असू शकते. हे मी हट्टाने म्हणत नाही.

शाईपेन

डोकावून काय दिसले त्यावर ते अवलंबून आहे. प्रास्ताविक अभ्यासक्रमात प्लेटोपासून कांटपर्यंत आणि आपल्याकडे चार्वाकापासून रामानुजापर्यंत एकही स्त्री भेटत नसेल, तर विद्यार्थिनीला जे दिसते ते दुसऱ्यांचे घर. आणि स्त्रिया नव्हत्याच, असेही नाही. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ साली फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला पत्राने विचारले की आत्मा केवळ विचार करणारे द्रव्य असेल, त्याला विस्तार नसेल, तर तो शरीराला हलवतो कसा? आत्मा आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्ये मानणाऱ्या देकार्तच्या द्वैतवादावरचा हा आक्षेप आजही पहिल्या वर्षाला शिकवतात. तो कोणी घेतला, हे पुष्कळदा सांगितले जात नाही. देकार्तच्या मृत्यूनंतर तिने आपली पत्रे छापू देण्यास नकार दिला आणि ती थेट एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध झाली, हेही त्याचे एक कारण आहे.

मला खरे तर आपल्याकडच्या एका मजकुराकडे लक्ष वेधायचे आहे. मुक्ता साळवे ही सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेतली, मातंग समाजातली विद्यार्थिनी. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. त्याचा उल्लेख आपण स्त्रीशिक्षणाच्या किंवा दलित साहित्याच्या इतिहासात करतो. तो युक्तिवाद म्हणून वाचून पाहा. वेद आमचेच, दुसऱ्याला ते पाहण्याचाही अधिकार नाही, असे ब्राह्मण म्हणतात. तसे असेल तर वेदाप्रमाणे वागणे हा ब्राह्मणांचाच धर्म झाला. ज्यांना धर्मपुस्तक पाहण्याची मोकळीक नाही ते धर्मपुस्तकरहित, म्हणजेच धर्मरहित ठरले. मग त्यांना तुझा धर्म कोणता, असे ती थेट देवाला विचारते. प्रतिपक्षाचेच गृहीतक हाती घ्यायचे आणि त्याला न परवडणाऱ्या निष्कर्षापर्यंत ते चालवत न्यायचे, ही रीत न्यायशास्त्रात प्रसंगापादन म्हणून मान्य आहे. धागाकर्तीने वर दिलेल्या भाष्यात ‘वेदाचा अधिकार नाही’ हे वाक्य विषय संपवण्यासाठी येते. मुक्ताने त्याच वाक्यापासून सुरुवात केली. तिने शाळकरी वयात हे केले आणि तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही पेपरात तिचे नाव नाही.

त्याही मागे जायचे तर बहिणाबाई सिऊरकर (१६२८–१७००) यांनी वज्रसूची या संस्कृत ग्रंथावर अभंग रचले. ब्राह्मण कोणाला म्हणावे, जीवाला की देहाला, जातीला की ज्ञानाला, असे एकेक पक्ष घेऊन ते खोडत जाणारे हे प्रकरण आहे. ते आपण संतवाङ्मयाच्या कपाटात ठेवले. महानुभावांच्या महदाइसेला चक्रधरांना सतत प्रश्न विचारण्यासाठी लीळाचरित्रात मान मिळाला, पण ती आपल्याला आद्य कवयित्री म्हणूनच ठाऊक. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी समाजशास्त्राला जो प्रश्न विचारला, कोणाचे सांगणे अनुभव म्हणून नोंदवायचे आणि कोणाचे सिद्धांत म्हणून, तो तत्त्वज्ञानाच्या विभागांनी स्वतःला अजून पुरेसा विचारलेला नाही.

मृण्मयी_क

शाईपेन यांच्या कपाटांविषयी सहमत, एक पुरवणी जोडते. महाभारताच्या शांतिपर्वातल्या मोक्षधर्म या भागात सुलभा ही भिक्षुकी जनकाच्या सभेत येते आणि योगबळाने त्याच्या ठायी प्रवेश करते. आपण मुक्त झालो आहोत, असा जनकाचा दावा असतो. तरीही तो तिला तू कोणाची, कोणत्या वर्णाची, स्त्री असून असा स्पर्श कसा केलास, असे विचारतो. ती आधी चांगल्या वाक्याची लक्षणे सांगते. त्यांत सूक्ष्मता, गुणदोषांची संख्या, क्रम, निर्णय आणि प्रयोजन यांची चर्चा आहे. मग ती दाखवते की ‘तू कोण, कोणाची’ हे विचारणाराच अजून भेद मानतो, म्हणून तो मुक्त नाही. हा उतारा वाक्यार्थविचाराचा आहे आणि मुक्तीच्या निकषाचाही. मी तो ‘महाभारतातील स्त्रिया’ या सदराखाली पाहिला आहे, तर्काच्या पाठ्यक्रमात कधी नाही.

घाटमाथा

सुलभेचा युक्तिवाद मला माहीत नव्हता, मूळ वाचीन. तरी एक विचारतो. मुक्ता साळवेचा निबंध तर्कशास्त्राच्या वर्गात घ्यायचा, तर तो तिच्या स्त्री किंवा मातंग असण्यामुळे घ्यायचा की युक्तिवाद सबळ आहे म्हणून? पहिल्या कारणाने घेतला तर मृण्मयी यांची जी तक्रार आहे तीच पुन्हा होईल.

तर्कसंगती

युक्तिवाद सबळ आहे म्हणून. मी यंदा तो अनौपचारिक युक्तिवादांच्या तासाला घेतला, आणि आधी नाव न सांगता घेतला. मुलांना आधारविधाने वेगळी काढायला सांगितली. सर्वांत जास्त वाद झाला तो ‘धर्मपुस्तक पाहण्याची मोकळीक नाही’ यापासून ‘धर्म नाही’ इथपर्यंत जाण्याच्या पायरीवर, कारण मधे एक अध्याहृत, म्हणजे न बोलता गृहीत धरलेले, विधान आहे आणि ते सर्वांना मान्य होईना. एका मुलाचे म्हणणे पडले की धर्म पुस्तकाशिवायही असतो, आमच्या म्हसोबाचे कुठे पुस्तक आहे? त्यावर एका मुलीने उत्तर दिले की लेखकाला ते विधान मान्य असण्याची गरजच नाही, ते समोरच्याला मान्य आहे एवढे पुरे. नाव नंतर सांगितले.

सांजवात_चिंचवड

मी निवृत्त बँक कर्मचारी आहे, तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी नव्हते. आपणा सर्वांच्या आकडेवारीत आम्ही कुठेच येणार नाही. आमच्या सोसायटीत आम्ही बायका मिळून आठवड्यातून एकदा ज्ञानदेवांचा अमृतानुभव वाचतो. ज्ञानेश्वरीची पारायणे झाली, मग कोणीतरी म्हणाले की आता अवघड ते घेऊ. अर्थ सांगायला अधूनमधून एक प्रवचनकार बोलावतो. ते चांगले बोलतात, पण मध्ये थांबवलेले त्यांना आवडत नाही. सध्या सातवे प्रकरण, अज्ञानखंडन, चालू आहे. तिथे आमची गाडी अडली आहे. ज्ञानदेव म्हणतात की अज्ञान मुळात नाहीच, ते कोणत्याही प्रमाणाने सिद्ध होत नाही. मग दुसऱ्या प्रकरणात गुरूची एवढी थोरवी गायली ती कशासाठी? जे नव्हतेच ते गुरूने घालवले काय? प्रवचनकार म्हणाले, ही अनुभवाची गोष्ट आहे. आमच्यातल्या एकीला ते पटले नाही आणि मलाही नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. विषयांतर असेल तर क्षमस्व.

मृण्मयी_क

विषयांतर मुळीच नाही. या धाग्यावरचा हा सर्वांत तात्त्विक प्रश्न आहे. काकू, पुढचे आठवे प्रकरण ज्ञानखंडनाचे आहे, ते याच्या जोडीने वाचा. अज्ञान नसेल तर त्याचा नाश करणारे म्हणून जे ज्ञान आपण मानतो तेही उरत नाही, असे ज्ञानदेव तिथे म्हणतात. त्याआधीच्या सहाव्या प्रकरणात शब्दाचेही तसेच केले आहे: अविद्या नाही म्हणून शब्दाला तिचा नाश करता येत नाही, आणि आत्मा स्वयंप्रकाश आहे म्हणून शब्दाने त्याला उजेडात आणण्याची गरज नाही. तेव्हा गुरूने अज्ञान घालवले, हे वर्णन शेवटपर्यंत टिकवण्याचा त्यांचा हेतूच दिसत नाही. दुसऱ्या प्रकरणातही गुरु-शिष्य हा भेद अखेर मावळतोच.

घाटमाथा

मला हे उत्तर पुरे वाटत नाही. गुरु, शब्द आणि ज्ञान या सर्वांचे खंडन झाले, ठीक. पण खंडनाची गरज कोणाला भासली? अज्ञान नाही हे ज्याला सांगावे लागते, त्याला ते आधी आहे असे वाटत असले पाहिजे. ‘वाटणे’ तरी मान्य करावे लागेल, आणि ते कोणत्या प्रकारात घालायचे? सांजवात यांच्या गटाचा आक्षेप तिथे उभाच राहतो.

सांजवात_चिंचवड

हेच, अगदी हेच आमच्या मैत्रिणीने विचारले होते. आपला प्रतिसाद आणि मृण्मयी यांचा, दोन्ही छापून गुरुवारी घेऊन जाते. तोवर कोणी त्या ‘वाटण्या’चे उत्तर दिले तर तेही जोडीन.